जाते, गिरणी आणि कोयनेचे पाणी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘आपल्या खोऱ्यातील पाण्यावर चालणारी गिरणी’ असे मी कळविले. लगोलग विचारणा आली, ‘अशी गिरणी आपल्याकडे होती कोठे?’ शंका अगदी रास्त आहे. वाईपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेच्या काठाकाठाने कोणी पायी गेला, तर त्याला घाट दिसतील, देवळे दिसतील, मोटेच्या विहिरींची जुनी थारोळी दिसतील, अलीकडची पंपघरे दिसतील. परंतु नदीच्या धारेवर फिरणारे चाक आणि त्यावर दळणारे जाते काही त्याच्या दृष्टीस पडणार नाही.

आणि तरीही माझे म्हणणे असे आहे की, पाण्यावर चालणारी एक फार मोठी गिरणी आपल्या खोऱ्याची होती. तिचे चाक सह्याद्रीच्या पोटात फिरत होते आणि तिचे जाते होते परळ-लालबागेत. एवढ्या लांबच्या लांब गिरणीत दळण कोणाचे पडले, खुंट्याला हात कोणाचा लागला आणि पीठ कोणाच्या डब्यात गेले, याचा हिशेब आज आपणांपुढे मांडावा असा माझा विचार आहे. कोयना जेथे कृष्णेला येऊन मिळते त्या कऱ्हाडात हा हिशेब मांडावयाचा, हेही योग्यच म्हणावयाचे.

पाणचक्की म्हटली की आपणांस संभाजीनगरची, म्हणजे कालपर्यंतच्या औरंगाबादची, पाणचक्की आठवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ती चक्की पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणावयाचे, ते भिंतीएवढे उंच चढवावयाचे आणि तेथून खाली सोडून त्याच्या माऱ्याने चक्की फिरवावयाची, अशी ती युक्ती. फकिरांना आणि यात्रेकरूंना त्या पिठाची भाकरी मिळे. हिमालयाच्या उतारावरील खेड्यांतून ‘घराट’ नावाच्या अशाच चक्क्या आजही आढळतात. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पाणचक्कीला पाणी पुष्कळ लागत नाही. ते नेमाने लागते. झरा बारीक असला तरी चालेल, पण तो बारमाही हवा. युरोपातील नद्यांवर शेकडो वर्षे चक्क्या फिरल्या, त्याचे रहस्य तेथील नद्यांच्या मोठेपणात नव्हते. तेथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत असतो, त्यामुळे नदीचा प्रवाह एकसारखा राहतो.

आता आपली कृष्णा पाहा. तिच्या उगमाशी महाबळेश्वरास वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. सांगलीस येईतो तो सहाशेच्या घरात उतरतो आणि आटपाडी-जतकडे त्याहूनही खाली जातो. हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. काळ्या कातळाचा आपला सह्याद्री, त्याच्या पोटात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून श्रावणात नदी घाटाच्या पायऱ्या गिळते आणि वैशाखात तीच नदी डोहाडोहांतून कशीबशी वाट काढते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे येथे सांगावयास नको. अशा नदीवर लाकडी चाक बसविणारा मनुष्य पहिल्याच पावसाळ्यात चाकाला मुकला असता; आणि ते राहिले असते तर उन्हाळ्यात त्याच्यावर कावळे बसले असते.

हे कारण खरे आहे, परंतु ते सगळे कारण नव्हे. एकोणिसाव्या शतकात १८६० नंतरच्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशीला बंधारा घालून इंग्रज अंमलात कृष्णेचा कालवा काढला गेला. म्हणजे नदीला अडविण्याची आणि तिचे पाणी ठरलेल्या वाटेने चालविण्याची विद्या आपल्याकडे आली होती. ओढ्यावरच्या लहान बंधाऱ्यांची विद्या तर त्याच्या कितीतरी आधीची, आपल्याच गावांची. मग दळणासाठी कोणी डोके का चालविले नाही? माझे उत्तर थोडे कटू आहे. दळणारी घरातच होती आणि तिच्या श्रमाचे मोल कोणी लावीत नव्हते. पहाटेच्या काळोखात उठून घरातील बाईने घरादाराला पुरेल इतके ज्वारीचे, नाचणीचे पीठ काढावे, ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी साहजिक मानली गेली. जे फुकट मिळते त्यासाठी यंत्र कोण शोधतो? पंढरीच्या विठोबानेही जनाबाईबरोबर जात्याला हात लावला असे आपले संत सांगतात. तो देव भला. घरातील कर्त्या पुरुषाने मात्र तो कित्ता गिरविल्याचे फारसे ऐकिवात नाही.

त्या फुकट श्रमातून ओवी निघाली. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हँ या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतील कितीतरी मुळशी तालुक्यातल्या आहेत. हे मुळशीचे नाव थोडे लक्षात असू द्यावे. पुढे त्याचे काम आहे.

‘गिरणी’ हा आपल्या भाषेतील मोठा मजेदार शब्द आहे. कोपऱ्यावर पीठ दळून मिळते तीही गिरणी आणि जिच्या भोंग्यावर मुंबईचे लाखो लोक उठत तीही गिरणीच. पहिली आपल्या खेड्यांत आली ती तेलाच्या एंजिनावर. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना उभा केला. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचे चरक अशी यंत्रे तेथून निघू लागली आणि यंत्र म्हणजे साहेबाचेच असते ही समजूत आपल्या शेतकऱ्याच्या मनातून गेली. पुढे एंजिनाचा ‘पुक्‌पुक्’ आवाज खेडोपाडी ऐकू येऊ लागला. जुन्या बायका पिठावर हात ठेवून म्हणत, ‘गिरणीचे पीठ जळते, भाकरीला चव राहत नाही.’ पण त्यांच्या सुनांनी ती चव आनंदाने सोडून दिली. मला विचाराल तर सुनांचेच खरे होते.

दुसऱ्या प्रकारची, कापडाची गिरणी पाण्यावर चालविण्याचा प्रयोग आपल्या कृष्णेच्याच एका लेकीवर झाला. घटप्रभा ही कृष्णेची उपनदी. आज ती कर्नाटकात असली तरी १९५६ पर्यंत तो मुलूख मुंबई राज्यातच होता. गोकाक येथे ही नदी सुमारे १७० फूट खाली उडी घेते. धबधबा पाहून सामान्य माणूस हात जोडतो; इंजिनिअर मात्र उंची मोजतो. १८८५ साली गोकाक येथे एक कंपनी स्थापन झाली. तिचे नावच मुळी ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असे होते. १८८७ च्या सुमारास कड्यावरची सूतगिरणी सुरू झाली. पाणचक्क्या, म्हणजे टर्बाइने, खाली दरीत. गिरणी वर कड्यावर. आणि खालची फिरकी वर नेण्यासाठी मोठमोठे दोर चाकांवरून फिरत. वीज नेण्याची सोय अजून व्हावयाची होती, तेव्हा शक्ती दोराने ओढून न्यावी लागे. विहिरीतून घागर ओढावी तशी दरीतून शक्ती ओढावयाची, ही कल्पना मला तरी फार गोड वाटते. परंतु उन्हाळ्याची अडचण तेथेही होतीच. नदीच्या वरच्या अंगाला धुपदाळ येथे बंधारा झाला तेव्हा कोठे पाण्याला थोडा नेम आला.

दोराची एक मर्यादा होती. गिरणी धबधब्याच्या काठीच असली पाहिजे. कापूस, मजूर, मुकादम सारे धबधब्यापाशी गेले पाहिजे. म्हणजे गिरणी ज्या खोऱ्यात, रोजगारही त्याच खोऱ्यात. दोराची जागा तारेने घेतली आणि हे नाते तुटले. माझ्या आजच्या बोलण्याचा कणा हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याची खटपट १८५४ साली झाली. पुढे पन्नास-साठ वर्षे त्या गिरण्या कोळशावर चालल्या. कोळसा यावयाचा थेट बंगालकडून. तो महाग आणि त्याच्या धुराने मुंबई काळवंडलेली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस घाटमाथ्यावर अडवून कोकणात पाडावा आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ती प्रत्यक्षात आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ साली. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. आता हे पाणी मूळचे कोणाचे? घाटाच्या पूर्वेला वाहणारे, भीमेला मिळणारे आणि भीमेबरोबर कृष्णेत जाणारे. म्हणजे आपल्या नदीचे पाणी पश्चिमेला वळविण्याची सुरुवात १९१५ ची आहे. कोयनेपासून ती झाली असे पुष्कळ लोक समजतात ते बरोबर नाही.

त्यानंतर मुळशी. मुळा नदी अडवून तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करण्याचे ठरले. मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. बापट तुरुंगात गेले, मावळे तुरुंगात गेले, बायका धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. धरण झालेच. ज्या मुळशीच्या ओव्यांचा मी मघाशी उल्लेख केला ती हीच मुळशी. एका अंगाला जात्यावर ओवी चालू आहे आणि दुसऱ्या अंगाला तिच्याच शेतावरचे पाणी मुंबईत चात्या फिरवीत आहे. ओवी म्हणणारीच्या घरी मात्र दळण अजून हातानेच चालले आहे. एवढा विरोध एकाच तालुक्यात मावला होता.

आता कोयनेकडे येऊ. कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि इतर नद्यांप्रमाणे लगेच पूर्वेला न वळता सुमारे ६५ किलोमीटर सह्याद्रीच्या कुशीतून नीट दक्षिणेला जाते. हेळवाकपाशी ती काटकोनात वळते आणि मग पाटणवरून कऱ्हाडास येते. डोंगराच्या दोन रांगांमध्ये आडवी पडलेली ही दरी म्हणजे तळ्यासाठी निसर्गाने करून ठेवलेली काथवटच. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी तिची पाहणी केली होती. पैशाच्या टंचाईमुळे ती योजना मागे पडली. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने ती हाती घेतली आणि १९५४ साली कामाला प्रारंभ झाला.

या दरीत राहत होते कोण? जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांतील लोक. जावळीचे मोरे, प्रतापगडाचे युद्ध, वासोट्याचा किल्ला या सर्व गोष्टी या रानाच्या आसपासच्या. नदीकाठी भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरी, वर जंगल. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. म्हणून घरटी एक पुरुष मुंबईला. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरीच्या खालोखाल ज्या जिल्ह्यांची माणसे भरली होती त्यांत सातारा होता. एका खोलीत आळीपाळीने झोपावयाचे, खाणावळीत जेवावयाचे आणि मनिऑर्डर गावी पाठवावयाची, असा तो संसार. जे गिरणीत शिरले नाहीत ते मशीदबंदरच्या दाणाबाजारात पाठीवर आणि डोक्यावर पोती वाहू लागले. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी या माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली त्यांच्यासाठी राज्याने कायदा केला. म्हणजे धरण होण्याच्या आधीपासूनच ही दरी आपली माणसे मुंबईला देत आली होती. राहिले होते पाणी. तेही पुढे दिले.

येथे थोडे गणित करतो. आपण कंटाळणार नाही अशी आशा आहे.

कोयनेचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन कोकणात पोफळीजवळ भूगर्भातल्या वीजघरात पाडतात. उतार सुमारे ४७५ मीटरांचा. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, म्हणजे एक टन वजन, एवढ्या उंचीवरून पडले की सुमारे एक युनिट वीज मिळते. पाच अश्वशक्तीची पिठाची चक्की त्या एका युनिटावर पाव तास चालावी. तेच एक घनमीटर पाणी धरणाच्या पायथ्याशी पूर्वेला सोडले, तर उंची मिळते फार तर ऐंशी मीटरांची. वीज मिळते सहावा हिस्सा. पूर्वेची वाट हजार-बाराशे किलोमीटरांची आणि संथ. पश्चिमेची वाट एका कड्याची. तेव्हा ज्या इंजिनिअरांनी पाणी पश्चिमेला वळविले त्यांना दोष देता येत नाही. त्यांचे काम तर कोणाही मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे आहे. १०३ मीटर उंचीचे धरण, डोंगराच्या पोटातून बोगदा, पोटातच वीजघर. ते पाणी पुढे कोळकेवाडीस अडवून त्याच्यापासून पुन्हा वीज काढली. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ साली तलाव न उपसता त्याच्या तळालाच छिद्र पाडले. तलाव भरलेला आणि खाली सुरुंग! आज सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे.

परंतु त्या घनमीटराला आणखी एक मागणीदार होता. पूर्वेला खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत येथला शेतकरी पाण्याच्या घोटाला महाग होता आणि त्याच्या डोंगरापलीकडचे पाणी वीज करून वाशिष्ठीवाटे समुद्राला जात होते. वीज झालेले पाणी काही नाहीसे होत नाही, पण ते कोकणात उतरले की घाट चढून परत येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ साली या पश्चिमेच्या वाटेला मर्यादा घातली: वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट, त्याहून अधिक नाही. धरणात मावते सुमारे १०५. म्हणजे मावणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून अधिक.

आणि मग १९९० च्या दशकात एक नवल झाले. याच कऱ्हाडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने चढवीत दुष्काळी तालुक्यांत नेण्याची योजना निघाली. टेंभू म्हणजे आगरकरांचे जन्मगाव. ज्या बुद्धिवाद्याने आयुष्यभर कारण आणि कार्य यांचा मेळ घातला, त्याच्या गावापाशी हे गणित यावे हा एक योगायोगच. म्हैसाळ आणि ताकारी या योजनाही त्याच जातीच्या. आता पाणी तीनशे मीटर चढवावयाचे धरले, तर एका घनमीटराला किती वीज लागेल? पंपाची तूट धरून एका युनिटाच्या थोडी वरच. म्हणजे पाहा, एक घनमीटर पाणी पश्चिमेला पाडून जेवढी वीज मिळते, जवळजवळ तेवढीच वीज दुसरे एक घनमीटर पूर्वेला चढविण्यास लागते. सह्याद्रीच्या एका पारड्यात पाणी उतरते आणि दुसऱ्या पारड्यात पाणी चढते. मोटेचा बैल धावेवरून खाली गेला की मोट वर येते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, मोटेचा बैल आणि मोट एकाच मालकाची असत. येथे उतरणारे पाणी एका खात्याचे, वीज दुसऱ्याची आणि चढणाऱ्या पाण्याचे बिल शेतकऱ्याच्या नावावर. बिले थकली म्हणून भर उन्हाळ्यात हे पंप बंद राहिल्याचे दिवस सांगली जिल्ह्याने पाहिलेले आहेत. पुढे बिलाचा मोठा वाटा शासनाने उचलावा असे ठरले, तेही शेतकऱ्यांनी फार वर्षे आरडाओरड केल्यानंतर.

खुद्द कोयनेच्या दरीचे काय झाले? शंभराच्या आसपास गावे हलली. मुळशीसारखा सत्याग्रह येथे झाला नाही. का झाला नाही? मला वाटते, राज्य आता आपले होते. देश उभारावयाचा आहे, वीज हवी आहे, असे जिल्ह्याचीच माणसे येऊन सांगत होती. लोकांनी विश्वास ठेवला. कोणी ठाणे-कुलाब्याकडे गेले, कोणी सोलापूर-सांगलीकडे, कोणी पाणी जसजसे चढले तसतसे त्याच डोंगराच्या वरच्या अंगाला सरकत राहिले. खाचरे बुडाली, उतार राहिले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, म्हणजे धरण भरून कित्येक वर्षे लोटल्यावर. शिवसागर जलाशयाकाठच्या किती वाड्यांत विजेचे खांब उशिरा आले हे त्या लोकांना विचारावे. पुढे उरलेल्या रानाचे १९८५ साली अभयारण्य झाले आणि काही गावांना दुसऱ्यांदा उठावे लागले. जमिनीचा हक्क मागण्यासाठी कोयनेच्या धरणग्रस्तांनी एकविसाव्या शतकातही मोर्चे काढले आणि ठिय्ये दिले. तोवर आजोबांच्या नावाची कागदपत्रे नातवाच्या हाती आली होती.

१९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला. तीव्रता सहापेक्षा अधिक. कोयनानगर बसले आणि पावणेदोनशेंहून अधिक माणसे दगावली. धरण तडकले, पण टिकले. पुढे ते बळकट केले. त्या पहाटे मुंबईची वीज गेली, गिरण्या थांबल्या. मी प्रारंभी म्हटले ना, चाक येथे आणि जाते तेथे? दोघांमधील तार कोणाला दिसत नव्हती. ती त्या दिवशी तुटली तेव्हा दिसली. जलाशयाच्या भाराने आणि खोल झिरपलेल्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, या विषयावर जगातील शास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेचे उदाहरण देत आले आहेत. आपल्या दरीचे नाव जगाच्या ग्रंथांत गेले ते अशा रीतीने.

यानंतर गिरणी स्वतःच थांबली. १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट उघडल्या नाहीत आणि त्यांच्या जमिनीवर आज काचेचे मनोरे आहेत. पगार बंद झाल्यावर मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा हजारो कामगार वळकटी बांधून आपापल्या गावी आले. सातारा-सांगलीकडील एस.टी. स्थानकांवर त्या दिवसांत उतरणारी ती माणसे होती. त्यांना यंत्र ठाऊक होते, सभा ठाऊक होती, वर्गणी आणि हिशेब ठाऊक होता. ठाऊक नव्हती ती शेती, कारण ती त्यांच्या बायकांनी सांभाळली होती.

खानापूर तालुक्यात असे परतलेले कामगार आणि गावचे शेतकरी यांनी मिळून ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर तिच्यात आघाडीवर होते. दुष्काळ चालू होता. रोजगार हमीवर खडी फोडण्याचे काम मिळे. चळवळीने विचारले, खडीच का फोडावयाची? पाणी का अडवावयाचे नाही? खटाव तालुक्यातून येणारी येरळा नदी त्यांच्या दारावरून जात होती. खरे म्हणजे पाणी जात नव्हते, तिच्या पात्रातील वाळू ट्रकांतून जात होती. ठेकेदार वाळू उपसत होते आणि विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ठरविले की वाळू आमची, नदी आमची. बेताने थोडी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. इंजिनिअर के. आर. दात्यांनी तांत्रिक साह्य केले. सरकारी परवानगीसाठी झगडावे लागले; वाळू विकण्याचा हक्क मिळविण्यासाठीही झगडावे लागले. बाहेरून तरुण श्रमदानाला आले. अशा रीतीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस येरळेवर ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे राहिले.

त्याच्या आकाराविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. कोयनेच्या पुढे ते अगदी ठेंगणे आहे. त्याच्यापासून वीज होत नाही आणि कोणते जातेही फिरत नाही. गंमत त्याच्या वाटपात आहे. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटावयाचे नाही, माणसांवर वाटावयाचे, असा ठराव त्या गावांनी केला. ज्याला दहा एकर आहेत त्याला दहापट पाणी नाही आणि ज्याला वीतभर जमीन नाही त्यालाही वाटा आहे. भूमिहीनाने आपल्या वाट्याचे पाणी घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी, अशी त्यामागची योजना. ऊस लावून सगळे पाणी एकाने पिऊन टाकू नये, म्हणून कोणती पिके घ्यावयाची याचीही बोलणी झाली. ही बोलणी सोपी नव्हती. बागायतदाराने ती हसतमुखाने मान्य केली असे कोणी समजू नये. पुढे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि ही मंडळी एकत्र आली, १९९३ पासून आटपाडीस दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या आणि टेंभूच्या पाण्यालाही हाच माणशी वाटपाचा नियम लावा, अशी मागणी तेथून पुढे आली.

येरळा सांगलीच्या अलीकडे ब्रह्मनाळपाशी कृष्णेला मिळते. ज्यांना ते धरण पाहावयाचे आहे, त्यांनी विट्याच्या बाजूने बलवडीस जावे आणि पावसाळा संपल्यावर, आश्विन-कार्तिकात जावे. त्या वेळी बांधाला पाणी लागलेले असते.